घड्याळ चुकलंय? आधी सांगा, किती चुकलंय

मंगळवारी सकाळी ९ ते १० या वेळात माझा फोन वाजला की निम्म्या वेळा विषय ठरलेला असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीचे कॉम्प्युटर मी सांभाळते, तिला सोमवारी सुट्टी. रविवारी रात्री वॉचमन मामा इमानेइतबारे ऑफिसचा मेन स्विच पाडतात, मंगळवारी सकाळी वर करतात आणि थोड्या वेळात अकाउंटच्या अण्णांचा फोन येतो. "ताई, जीएसटीची साइट उघडंना झालीया. नेट गेलंय वाटतं."

नेट गेलेलं नसतं. मी विचारते, "खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतीय?" जरा शांतता. मग, "च्यामारी! १ जानेवारी २००९!"

तारीख एवढी मागे गेली की ब्राउझरला वाटतं, या साइटच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. मग तो बँक, ई-वे बिल, मेल, सगळंच अडवतो. त्या पानावर 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं स्पष्ट लिहिलेलंही असतं. पण लाल त्रिकोण दिसल्यावर पुढचं वाचतंय कोण!

शाहूपुरीतल्या अडत दुकानांपासून गोकुळ शिरगावच्या कारखान्यांपर्यंत ५ ते ३० कॉम्प्युटरवाली ऑफिसं माझ्याकडे आहेत. घड्याळाच्या तक्रारीत सगळीकडे एक चूक सारखी होते. मी पोचायच्या आत कुणीतरी मोबाइल बघून वेळ 'दुरुस्त' करून ठेवलेली असते. ताप मोजायच्या आधीच गोळी दिल्यासारखं होतं ते. आजार दबतो आणि दोन दिवसांनी परत वर येतो. म्हणून फोनवर माझं पहिलं वाक्य असतं, "हात लावू नका. किती फरक आहे तेवढं सांगा." तास, मिनिटं आणि तारीख मोबाइलशी ताडून कागदावर लिहा. आणि शेजारच्या दोन मशिनवर काय दिसतंय तेही लिहा. बहुतेक वेळा या आकड्यावरूनच रोग कळतो.

फरक काय सांगतो

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर बॅटरी, नेट, व्हायरस यातलं काहीही शोधत बसू नका. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे, आणि मशीन त्या जागतिक वेळेवर बसलंय. एक तर टाइम झोन चुकलाय, नाहीतर त्याच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं, आणि घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्सला 'स्थानिक वेळ ठेव' असं सांगितलं की भांडण मिटतं. डिझाइन विभागातल्या पोरांच्या मशिनवर हे हमखास सापडतं.

अर्धा तास मागे असेल तर कुणाचा तरी माउस घसरलाय. टाइम झोनच्या यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' याच्या जरा वर 'इस्लामाबाद, कराची' आहे, तो ५ तासांचा. जरा खाली काठमांडू, तो पावणेसहाचा, म्हणजे १५ मिनिटं पुढे. चाक फिरवताना एखादी ओळ इकडेतिकडे झाली की झालं. बरोबर १२ तासांचा फरक असेल तर कुणीतरी हाताने वेळ लावताना एएमचं पीएम केलंय. त्याला विचारू नका, तो कबूल करणार नाही.

साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे हा प्रकार जरा नीट समजून घ्या, कारण लोकांना वेडं करणारा हाच. नवीन विंडोज टाकताना कुणी टाइम झोन बघितला नाही की बऱ्याचदा अमेरिकेचा पॅसिफिक झोन तसाच राहतो. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून आपल्यापासूनचा फरक कधी साडेबारा, कधी साडेतेरा. आता ऑफिसातला हुशार माणूस काय करतो? झोन तसाच ठेवून नुसते काटे सरकवतो. कोपऱ्यात वेळ बरोबर दिसायला लागते आणि सगळे खूश. पण नेटवरून येणारी वेळ ही कायम जागतिक वेळ असते, तिच्यात टाइम झोन नसतोच. झोन मिळवायचं काम तुमच्या मशिनचं. त्यामुळे पुढच्या सिंकला, म्हणजे नेटशी वेळ जुळवताना, ते प्रामाणिकपणे अमेरिकेची वेळ परत दाखवतं. "कालच लावली होती ताई, आज परत बिघडली" ही तक्रार आली की मी काटे बघतच नाही, थेट झोन बघते. आणि मधल्या काळात त्या मशिनवरून गेलेल्या मेल समोरच्याला भलत्याच वेळेच्या दिसतात, ते वेगळंच.

झोन बघायचा तो सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम या वाटेने. ऑफिसातल्या जागेवरून न हलणाऱ्या मशिनवर 'सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली' मी बंद ठेवते आणि मुंबईवाला झोन हाताने निवडते. कोल्हापूर काही उद्या दुसरीकडे जाणार नाही.

जाता जाता. ही प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. कोल्हापूर ७४.२ अंशांच्या आसपास. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी ३३ मिनिटं मागे चालतो, म्हणजे शिरोलीत खरी दुपार साडेबारा उलटल्यावर होते. घड्याळाप्रमाणे १२ ला डबे उघडणाऱ्यांनी हे मनावर घेऊ नये.

राहिले दोन प्रकार. तारीखच गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल. आणि फरक नुसत्या काही मिनिटांचा असेल तर बघायचं, तो एकाच मशिनवर आहे की सगळ्यांवर सारखा. एकावर असेल तर त्या मशिनचं सिंक बंद पडलंय. सगळ्यांवर सारखा असेल तर गडबड त्यांना वेळ सांगणाऱ्यात आहे.

वेळ कुणाला विचारतोस, हे मशिनला विचारा

स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. आता मी फोनवर सांगते तसंच सांगते, अक्षर अक्षर. डब्ल्यू, आकड्यात 32, टी, एम, सगळं जोडून. जागा सोडा. तिरकी रेघ, तिला चिकटून क्वेरी. जागा सोडा. तिरकी रेघ, तिला चिकटून स्टेटस. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, एंटरजवळची उलटी नव्हे. आणि क्वेरी क्यू-यू-ई-आर-वाय अशी. के-डब्ल्यू लिहिणारे भेटलेत मला.

'सर्व्हिस सुरू नाही' असं उत्तर आलं तर रोग सापडलाच. नेट, जागा, स्टार्ट, जागा, डब्ल्यू32टाइम असं लिहून ती सुरू करा आणि परत विचारा. सुरू असेल तर येणाऱ्या ओळींत 'सोर्स' शोधा. तिथे 'लोकल सीमॉस क्लॉक' किंवा 'फ्री-रनिंग सिस्टिम क्लॉक' असेल तर हे मशीन कुणालाच विचारत नाही, स्वतःच्या मनगटावर बघून वेळ सांगतंय. आणि ते मनगटावरचं घड्याळ कसलं? सेकंदाला ३२,७६८ कंपनं देणारा एक क्वार्ट्झ क्रिस्टल, साध्या हातातल्या घड्याळात असतो तसाच. त्यात दहा लाखाला २० भाग एवढी चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास एक मिनिट. वर्ष गेलं की दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही. तापमानाने हा क्रिस्टल आणखी बदलतो, आणि फाउंड्रीच्या भट्टीकडच्या भिंतीला टेकवलेल्या मशिनचं मी काय सांगू!

सोर्स बरोबर दिसत असूनही वेळ चुकीची असेल तर एकदा जबरदस्तीने विचारायला लावा: तीच डब्ल्यू32टीएम, जागा, तिरकी रेघ, रीसिंक. इथे एक खोच आहे. डोमेनमध्ये, म्हणजे एका मुख्य सर्व्हरखाली बांधलेल्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, नसलेलं विंडोज १५ तासांपेक्षा मोठा फरक स्वतःहून दुरुस्त करत नाही. 'बदल फार मोठा आहे' म्हणून नकार देतं. म्हणून २००९ साल दाखवणाऱ्या मशिनवर रीसिंक कितीही वेळा मारलं तरी उपयोग नाही. आधी तारीख आणि तास हाताने जवळपास आणा, मग रीसिंक. हाताने वेळ लावायला मी परवानगी देते ती एवढ्या एकाच ठिकाणी.

कुणाला विचारायचं ते ठरवणं

भारताची प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, करते. तिचा सर्व्हर आहे टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे, दोन आहेत, समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि तसाच समय२. लिहिताना समय म्हणजे एस-ए-एम-ए-वाय आणि पुढे इंग्रजी आकडा. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनीही आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवावीत असं आहे. लॉग, म्हणजे यंत्रणांच्या नोंदी, १८० दिवस जपायला सांगितलेत तेही त्यातच. त्यामुळे ऑडिटवाले हल्ली हे विचारतात.

पाचापर्यंत मशीन असतील तर प्रत्येकाला थेट हे पत्ते देऊन मोकळी होते. त्यापेक्षा जास्त असतील तर एक मशीन बाहेर विचारेल आणि बाकीची त्याला विचारतील, अशी रचना मला बरी वाटते. नेट गेलं तरी निदान आपसात वेळ एक राहते, आणि ऑफिसच्या कामाला तेच जास्त लागतं. पत्ता देण्याची ओळ अशी: डब्ल्यू32टीएम, जागा, तिरकी रेघ कॉन्फिग, जागा, तिरकी रेघ मॅन्युअलपीअरलिस्ट, कोलन, अवतरणचिन्हांत पत्ते, दोन असतील तर मध्ये जागा, मग परत जागा, तिरकी रेघ सिंकफ्रॉमफ्लॅग्ज, कोलन, मॅन्युअल, जागा, तिरकी रेघ अपडेट. नंतर रीसिंक. बाकीच्या मशिनवर हीच ओळ, फक्त पत्त्याच्या जागी त्या एका मशिनचा, म्हणजे आपल्या सर्व्हरचा, आयपी.

साध्या विंडोजच्या मशिनला सर्व्हर करत असाल तर ते दुसऱ्यांना आपोआप वेळ सांगत नाही. रजिस्ट्रीत डब्ल्यू32टाइम, त्यात टाइमप्रोव्हायडर्स, त्यात एनटीपीसर्व्हर, तिथलं 'एनेबल्ड' ० वरून १ करा. शेजारच्या कॉन्फिगमधलं 'अनाउन्सफ्लॅग्ज' ५ करा. सर्व्हिस बंद करून चालू करा. आणि त्या मशिनच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३, म्हणजे वेळ विचारायचं पोर्ट, आत येऊ द्या. हा शेवटचा भाग मीसुद्धा दोनदा विसरलेय.

तुमच्याकडे डोमेन असेल तर वरचं प्रत्येक मशिनवर करत बसू नका. डोमेनमधली मशीन आपल्या डोमेन कंट्रोलरला विचारतात आणि ते शेवटी पीडीसी एम्युलेटर असलेल्या एका सर्व्हरकडे बघतात. बाहेरचा पत्ता फक्त त्या एकाला द्या. आधीच्या माणसाने एखाद्या मशिनला हाताने पत्ता देऊन ठेवला असेल तर सिंकफ्रॉमफ्लॅग्जमध्ये मॅन्युअलऐवजी डॉमहायर (डी-ओ-एम-एच-आय-ई-आर) लिहून त्याला परत रांगेत आणा. डोमेनमध्ये वेळेचं एक कडक बंधन आहे. मशीन आणि सर्व्हर यांच्यात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस, म्हणजे डोमेनमधली लॉगिन तपासणारी यंत्रणा, ओळख पटवून घ्यायला नकार देतं. कधी लॉगिनच होत नाही. कधी लॉगिन होतं, पण सर्व्हरवरचं फोल्डर नावाने उघडत नाही आणि आयपी टाकला की उघडतं. असलं विचित्र काही दिसलं की पासवर्ड बदलायच्या आधी घड्याळ बघा.

तो सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या मशिनच्या (होस्टच्या) पोटात चालणारा, असेल तर आणखी एक तपासा. खालचं मशीन डोमेनकडून वेळ घेतंय आणि डोमेन कंट्रोलर खालच्या मशिनकडून, अशी फुगडी चालू असते. दोघांचं एकमत असतं आणि दोघेही चुकत जातात. अशा वेळी पीडीसीच्या व्हर्च्युअल मशिनचं होस्टकडून होणारं टाइम सिंक बंद करा.

दहा मिनिटं पुढचं घड्याळ

एका कारखान्यात सगळ्या १४ मशिनवर वेळ बरोबर १० मिनिटं पुढे होती. तक्रार मात्र कॉम्प्युटरची नव्हतीच. मोल्डिंगचे एक मामा गेटवर ७.५५ ला येऊन सुद्धा लेट मार्क खात होते. तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापायचा तिथला नियम. मामा रोज मोबाइल दाखवायचे, टाइमऑफिसवाला म्हणायचा, मशीन खोटं बोलत नाही.

थंब मशिनला स्वतःचं घड्याळ असतं, पण हजेरीचं सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर असतं तो आपली वेळ त्यात ढकलतो. तो कॉम्प्युटर वेळ घेत होता सर्व्हरकडून. सर्व्हर म्हणजे मॅनेजर साहेबांच्या केबिनमधलं मशीन. तिथे 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' बंद, आणि वेळ १० मिनिटं पुढे, हाताने लावलेली. साहेबांना विचारलं तर अगदी सहज म्हणाले, "ते मीच ठेवलंय पुढं. घरातलं बी तसंच असतंय की."

आता काय बोलणार! आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे असतंच, आणि ते पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीतही असतं. थंब मशिनला ते माहीत नव्हतं, एवढाच घोळ. मी सर्व्हरला एनपीएलचा पत्ता दिला आणि साहेबांना डेस्कवर ठेवायला वेगळं घड्याळ घ्या म्हटलं. मामांचे कापलेले दिवस परत मिळवायला मात्र वेळेपेक्षा जास्त चिकाटी लागली. ते काम युनियनने केलं.

सेल बदलताना

मदरबोर्डवरचा सेल बहुतेक ठिकाणी सीआर २०३२. नावातच माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. मेन स्विच चालू असतो तोवर, मशीन बंद असलं तरी पॉवर सप्लायमधून घड्याळाला थोडी वीज मिळत राहते. स्विच पाडला की सगळा भार सेलवर. म्हणून रोज मेन पाडणाऱ्या ऑफिसात सेल लवकर मरतात, आणि मेलेले कळतात ते सुट्टीनंतरच्या सकाळी. चालू करताना 'सीमॉस चेकसम' असलं काही येऊन एफ१ दाबायला सांगत असेल तर शंका उरत नाही. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली गेला की मी बदलते. एका मिसळीच्या पैशातलं काम आहे, तिथे काटकसर करू नये.

पण घाईने सेल उपटू नका. आधी बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधल्या, पानांचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः डिस्क जोडणाऱ्या साटाचा मोड एएचसीआय आहे की रेड ते. सेल निघाला की काही बोर्ड सगळं मूळ पदावर नेतात, आणि मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. मग घड्याळाची तक्रार राहते बाजूला. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय कॅबिनेट उघडूच नका. वायर काढा, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, अधिक खूण वर ठेवून नवा सेल बसवा. आधी बायोसमध्ये तारीख लावा, मग विंडोजमध्ये रीसिंक.

एवढं करूनही जुळत नसेल तर

बहुतेक वेळा वाट अडलेली असते. वेळ विचारणं यूडीपीच्या १२३ नंबरच्या पोर्टवरून चालतं. राउटर किंवा अँटिव्हायरसने तो बंद केला की नेट छान चालतं, फक्त घड्याळ अडतं. तपासायला (प्रत्येक तिरक्या रेघेआधी जागा) डब्ल्यू32टीएम, तिरकी रेघ स्ट्रिपचार्ट, तिरकी रेघ कॉम्प्युटर, कोलन, लगेच पत्ता, मग तिरकी रेघ डेटाओन्ली, तिरकी रेघ सॅम्पल्स, कोलन, ५. पाच ओळींत सेकंदांचा फरक दिसला तर वाट मोकळी आहे. नुसते एरर आले तर पोर्ट उघडून घ्या.

आणि डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, विसरू नका. त्याचंही घड्याळ स्वतंत्र असतं, एनटीपीची, म्हणजे वेळेच्या सर्व्हरच्या पत्त्याची, जागा मेनूत असते आणि कुणीच भरलेली नसते. तिथे तोच सर्व्हरचा आयपी आणि साडेपाचचा झोन भरा. पण दुरुस्त करायच्या आधी चुकीची वेळ आणि खरी वेळ दोन्ही तारखेसह वहीत लिहून ठेवा, कारण जुन्या फुटेजवर जुनीच वेळ राहणार. पुढे पोलिसांनी फुटेज मागितलं तर तो फरक सांगावा लागतो.

शिरोलीच्या त्या ऑफिसात मी सगळे सेल बदलले, आणि सर्व्हरच्या व डीव्हीआरच्या स्विचवर लाल चिकटपट्टी लावून आले. वॉचमन मामांना सांगितलंय, हे दोन सोडून बाकीचं रविवारी बिनधास्त पाडा.